सरूला पाठवलेली बाजरी

आमच्या साडूइतका बिनकामाचा, आणि बिनकामाचा असूनही सगळीकडे पुढच्या खुर्चीवर बसवला जाणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा सापडणार नाही. सापडला तर मला दाखवा, मी त्याच्या गळ्यात माझ्या रानातल्या शेवंतीचा हार घालीन. साडूच्या गळ्यात मात्र घालणार नाही. त्याला हारांची काही कमी नाही. माणूस लेखक आहे. त्याची पुस्तकं छापून आली आहेत, त्यांवर त्याचं नाव आहे, मागच्या बाजूला त्याचा फोटो आहे आणि फोटोत त्यानं हनुवटीला बोट लावलं आहे. मी त्याला तरुणपणापासून ओळखतो, पण हनुवटीला बोट लावून बसलेला कधी बघितला नाही. बोट असायचं ते आमच्या घरच्या लोणच्याच्या बरणीत.

नातं आधी सांगून टाकतो, म्हणजे घोळ नको. माझी बायको थोरली, त्याची बायको धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी. सासऱ्यानं खर्च वाचावा म्हणून दोन्ही लग्नं एकाच मांडवात लावली. तेव्हापासून लोक आम्हा दोघांना शेजारी उभं करून बघतात, आणि तेव्हापासून मी डावा ठरतो. माझी शाळा सातवीत सुटली, त्याची अकरावीत. म्हणजे फार काही अंतर नाही. मी घोडनदीच्या काठाला फुलं आणि भाजीपाला करतो. तो कुरकुंभला एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचा, राहायला दौंडला. आता रिटायर आहे. लेखक माणूस रिटायर झाला की जास्तच लिहितो, हे त्याच्यामुळं कळलं.

तुम्ही म्हणाल, एवढा राग आहे तर त्याच्यावर लिहिता कशाला? खरं सांगतो. माझी बायको जाऊन वर्ष व्हायला आलं. तिच्यावर काहीतरी लिहावं असं फार वाटत होतं. कितीदा बसलो. 'ती' एवढं लिहायचो आणि पुढं काय ते सुचायचं नाही. ती कशी होती हे मला पुरतं माहीत आहे, पण माहीत असलेलं कागदावर उतरत नाही. ओल्या लाकडासारखं नुसतं धुमसतं. मग एक दिवस साडूवर चिडून चार ओळी लिहिल्या, तर पेन पळायला लागलं. रागावर पेन चांगलं चालतं. म्हणून हे साडूवर आहे. ती यात आली तर तिच्या पायानं येईल.

साडूला लिहायची सवय कंपनीत लागली. तिथं त्याचं काम टाकीवरचे काटे बघून कागदावर लिहायचं. तापमान इतकं, दाब इतका, बाकी ठीक. त्यामुळं त्याच्या पहिल्या गोष्टी तशाच होत्या. त्यानं पहिली गोष्ट आमच्या ओट्यावर वाचून दाखवली ती मला अजून आठवते. 'गंगू माहेरी आली. रडली. परत गेली. बाकी ठीक.' मी म्हटलं, छान आहे, लवकर संपली. पण माझी बायको म्हणाली, "पाव्हणं, रडली ती कशी रडली? बसून रडली, का भांडी घासता घासता? माहेरी आलेली बाई बसून रडत न्हाई. आईला दिसंल ना." त्या दिवसापासून त्याच्या गोष्टींतल्या बायका भांडी घासता घासता रडायला लागल्या आणि लोक म्हणायला लागले, काय निरीक्षण आहे हो तुमचं! निरीक्षण कोणाचं आणि शाल कोणाला!

शालींचं तर विचारूच नका. जिथं जाईल तिथं शाल, नारळ आणि काचेची एक ढाल. नारळांची चटणी होते, ढाली मेहुणी दाराला अडसर म्हणून लावते, आणि शाली ती नातेवाइकांत वाटत सुटते. आमच्या कालवडीच्या पाठीवर थंडीत जी शाल असते ती साहित्याच्या सेवेबद्दल मिळालेली आहे. कालवडसुद्धा त्या दिवसांत मान वर करून चालते. पुस्तकं मात्र तशी खपत नाहीत. गठ्ठेच्या गठ्ठे दिवाणाखाली पडलेत. मेहुणी एकदा मला म्हणाली, "दाजी, ह्यांचं पुस्तक वाचाया घेतलं की मला झोप येती. मग म्हणलं, वरच झोपलेलं बरं." साडू हे ऐकून हसला. बायकोनं एवढं बोलल्यावर मी हसलो नसतो. पण त्याचं असंच. कारेगावच्या चाळीत राहणाऱ्या कुठल्याशा कामगारानं त्याचं पुस्तक वाचून त्याला फोन केला आणि फोनवर रडला. ते एक रडणं साडूला वर्षभर पुरलं. लग्नात, बाजारात, दवाखान्यात, जो भेटेल त्याला तो सांगायचा, "रडला हो तो! परका माणूस!" मी आयुष्यभर गवार पिकवली. माझ्या गवारीला फोन करून कोणी रडलं नाही.

त्याच्या खिशात कायम लग्नपत्रिका असतात. लग्नाला जायला नव्हे, त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला. कोण काय बोललं ते लगेच टिपायचं. आमच्या शेजारचे दोघं भाऊ बांधावरून भांडत होते, फावडी हातात. मी कितीतरी दिवस त्यांच्यात मध्यस्थी करत होतो. त्या दिवशी साडू नेमका आलेला. थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला, "तुझ्या डोक्याला वाळवी लागली ना, तर उपाशी मरंल ती!" साडू पत्रिका घेऊन दोघांच्या मधे गेला. "थांबा, थांबा. काय म्हणलात? परत म्हणा बरं, जरा सावकाश." थोरल्यानं सावकाश म्हटलं. साडूनं लिहिलं आणि विचारलं, "उपाशी मरंल का उपाशी राहील?" थोरला विचारात पडला. धाकटा म्हणाला, "मरंलच बरं वाटतंय." आणि दोघंही हसायला लागले. भांडण तिथंच मिटलं. आता ते दोघं म्हणतात, तुमचे साडू म्हणजे देवमाणूस. मी एवढे हेलपाटे घातले, मला कोणी चहासुद्धा विचारला नव्हता.

लग्नात आहेर म्हणून तो स्वतःचं पुस्तक देतो. कुठलं देतोय ते बघत नाही, दिवाणाखाली हात घालून जे येईल ते. माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नात त्यानं जे पुस्तक दिलं त्यातली नवरी पहिल्याच आठवड्यात माहेरी पळून जाते. सूनबाईनं ते वाचलं आणि मला विचारलं, "मामा, ह्यात काय इशारा हाय का?" आणि आमच्याकडं दहाव्याला घाटावर माईक असतो, गावातली, तालुक्यातली माणसं मेलेल्या माणसावर चार शब्द बोलतात. तो माईक फिरून फिरून साडूच्या हातात यायचाच. तो असा बोलायचा की मेलेल्याचीच ओळख पटू नये. एक नंबरचा भांडखोर, शेजाऱ्याची कोंबडी आपल्या हद्दीत आली तर भाडं मागणारा एक म्हातारा वारला, त्याच्याबद्दल साडू म्हणाला, 'हा माणूस सीमा जपणारा होता.' बाया रडल्या. त्या म्हाताऱ्याची बायको माझ्या बायकोच्या कानाला लागून म्हणाली, "अक्का, ह्यो कोणाबद्दल बोलतोय गं?"

हे सगळं मी सोसलं असतं. शाली, माईक, फोटो, सगळं. मला जे सोसलं नाही ते आमच्याच शेडमधलं आहे.

साडू अधूनमधून रविवारी दौंडहून यायचा, काखेत कागद. शेडमध्ये माझी बायको शेवंती निवडत बसलेली असायची. चांगलं फूल क्रेटमध्ये, डागी फूल पाटीत. तो तिच्यासमोर उपड्या क्रेटवर बसायचा आणि नवं लिहिलेलं वाचायचा. ती मान खाली घालून हात चालवत राहायची आणि मधून मधून म्हणायची, "हं." गोष्ट ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं ही आमच्याकडची जुनी रीत. हं आला की सांगणारा पुढं जातो. पण साडूनं त्या रीतीचं कारखान्यासारखं यंत्र केलं होतं. जिथं तिचा हं यायचा नाही तिथं तो पेन्सिलीनं ओळीखाली रेघ मारायचा, आणि घरी जाऊन ती ओळ काढून टाकायचा. वाद नाही, चर्चा नाही. एकदाच त्यानं विचारलं होतं, "अक्का, हितं काय खटकलं?" ती म्हणाली, "मला काय ठावं? हं निघालाच न्हाई." छापणारे, परीक्षण लिहिणारे, भाषण ठोकणारे यांच्यातल्या कोणाचं तो ऐकायचा नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या बायकोच्या हंवर त्याची सगळी पुस्तकं उभी आहेत. आणि त्यातल्या एकावरही तिचं नाव नाही. तिला म्हटलं तर म्हणायची, "नाव कशाला? निवडलेल्या फुलावर काय माझं नाव असतंय?"

मला जळफळाट कशाचा व्हायचा सांगतो. मीही तिला रोज संध्याकाळी काही ना काही सांगायचोच. बाजारात शेवंती कशी पडली, टेम्पोवाला रशीदभाई काय बोलला, मोटर कशी जळली. ती म्हणायची, "व्हय का." 'व्हय का' वेगळं आणि 'हं' वेगळं. 'व्हय का' म्हणजे तुम्ही बोला, माझं काम चाललंय. 'हं' म्हणजे मी तुमच्याबरोबर चालतेय, पुढं काय? तो हं मला संसारात कधी मिळाला नाही. शिवाय घरात एकच कानाचा कप होता, निळ्या फुलांचा. तो साडू आला की खाली निघायचा. मला पेला. मी एकदा बोललो. ती म्हणाली, "पाव्हण्यांच्या एका हातात कागद असतो, पेला कसा धरतील? तुमचे दोन्ही हात मोकळं हाईत."

आता सरूचं. एक दिवस भाकरी थापता थापता तिनं मोठा सुस्कारा टाकला. "सरूचं लई वाईट झालं वो. सासरच्यांनी हाकललं. पदरात पोरगी, जवळ दाणा न्हाई."

"कोण सरू?"

"पाव्हण्यांची."

तव्यावरची भाकरी करपायला आली होती, म्हणून ती जास्त बोलली नाही आणि मी जास्त विचारलं नाही. मला वाटलं, साडूची कोणी चुलत बहीण असेल. कुरकुंभकडं त्याची बरीच भावकी आहे. जेवताना मी सरूच्या सासऱ्याला दोन-चार शिव्या दिल्या. आणि पुढच्या खेपेला साडू परत निघाला तेव्हा कणगीतली पायलीभर बाजरी पिशवीत बांधून त्याच्या हातात दिली.

"हे काय आप्पा?"

"त्या सरूला द्या. म्हणावं, आनखी लागली तर सांग, लाजू नको. आन् तिच्या सासऱ्याला एकदा गाठू पाव्हणं. तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा, बोलायचं मी बघतो."

साडूनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. तिनं पदर तोंडात धरला, पण हसू धरवेना. ती मागं फुलांच्या ढिगात बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अवो, सरू कागदावरची हाय! गोष्टीतली! तिला कशाची बाजरी!"

दुसरा कोणी असता तर त्यानं पिशवी परत दिली असती. साडूनं ती खांद्यावर टाकली आणि अगदी गंभीर तोंडानं म्हणाला, "पोचवतो आप्पा." आणि घेऊन गेला. दोन दिवसांनी मेहुणीचा फोन, "दाजी, बाजरी लई गोड हाय." पुढं कितीतरी दिवस पारावर मला लोक विचारायचे, "काय आप्पा, सरू बरी हाय का?" रशीदभाई तर टेम्पोत क्रेट चढवताना म्हणायचा, "आप्पा, ये क्रेट मार्केट का, और सरूताई का कौन सा?"

मग ती आजारी पडली. शिरूरला दवाखान्यात ठेवली. मी तिच्या पायाशी बसून असायचो. मला काय बोलावं सुचायचं नाही. 'पाणी हवं का' आणि 'दुखतंय का' एवढ्यावर माझं बोलणं संपायचं. साडूला सुचायचं, कारण तो लिहून आणायचा. तेव्हा सरूची गोष्ट पुढं सरकली होती. सरू लेकीला घेऊन केडगावच्या स्टेशनात बाकावर बसली होती. इकडची गाडी धरावी का तिकडची, पुण्याकडं जावं का दौंडकडं, तिला ठरवता येत नव्हतं. माझी बायको डोळे मिटून ऐकायची आणि हं म्हणायची. हंचा आवाज रोज बारीक होत चालला. एक दिवस ती म्हणाली, "पाव्हणं, सरूला आत्ता गाडीत बसवू नका. मी ऐकता ऐकता झोपले तर माझं ऱ्हाऊन जाईल. बसू द्या तिला तितंच. मी बरी झाले की मग हलवा."

ती बरी झाली नाही.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरलो. हल्ली कावळेही कमी झालेत. दोन आले, लांब बाभळीवर बसले आणि हलेनात. लोक म्हणाले, काहीतरी राहिलंय तिचं, बोला. थोरला मुलगा पुढं जाऊन म्हणाला, "आई, आप्पांना एकटं पडू देनार न्हाई." कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, "आम्ही भाऊ भाऊ भांडणार न्हाई." नाही. मग मी गेलो. म्हटलं, शेवंती मोडणार नाही. कालवड विकणार नाही. गोळ्या वेळेवर घेईन. लोकांवर वसकन ओरडणार नाही, हेसुद्धा म्हटलं, एवढ्या लोकांत. कावळ्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उन्हं चढली. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात साडू मागून आला. त्या दिवशी त्यानं माईकला हात लावला नव्हता. लोकांनी पुढं केला तर मान हलवून मागं जाऊन बसला होता. तो पिंडापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "अक्का, सरूला टेसनावर बसवून ठेवत न्हाई. घरी पोचवतो."

कावळा आला. दोन्ही आले.

बाया हुंदके द्यायला लागल्या. मी कोरडा उभा. माझ्या मनात काय आलं ते लिहितो. उभा जन्म माझ्याबरोबर काढला, माझ्या मुलांची आई, माझ्या रानात राबली, आणि शेवटी जीव अडकला तो कोणात? त्याच्या कागदावरच्या बाईत! माझा एकही शब्द कावळ्याला पटला नाही आणि त्याचा पहिल्याच फटक्यात पटला. तिथंही त्याला वाचक मिळाला. घरी येताना रशीदभाईनं माझा हात धरला होता. मी त्याला हे मनातलं सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, गुस्सा करो, कोई बात नहीं. गुस्से में आदमी चलता तो है."

त्यानंतर साडू आलाच नाही. मला बरं वाटलं. मग मेहुणीचा फोन आला. "दाजी, ह्यांना काय तरी सांगा. लिहित्यात आन् फाडत्यात. दिसभर भिंतीकडं तोंड करून बसत्यात." खोटं कशाला बोलू, मला आधी गारच वाटलं. आणि जेवता जेवता एकदम हातातला घास ताटात ठेवला. म्हणजे सरू अजून स्टेशनातच? घाटावर, पिंडापुढं शब्द दिलाय ह्यानं. तिला फसवलं की काय!

दुसऱ्या दिवशी निघालो. शिरूरहून एसटीनं केडगाव-चौफुला, आणि तिथून दौंडची गाडी धरायला केडगावच्या स्टेशनात. गाडीला वेळ होता. फलाटावर बाकं होती, मी उभाच राहिलो. एका बाकावर कोणीतरी बाई लेकराला घेऊन बसली होती. ती साधी प्रवासी होती, तिच्याजवळ तिकीट होतं, डबा होता, ती लेकराला केळं भरवत होती. तरी मी तिच्याकडं दोनदा बघितलं. मग तिनंच विचारलं, "काय पायजे बाबा?" मी म्हटलं, "काय न्हाई. घरी जा वेळंत."

साडूच्या घरात शिरल्या शिरल्या म्हटलं, "पाव्हणं, सरू अजून तितंच बसलीया. लाज वाटती का?"

दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. हनुवटीला बोट लावायला हनुवटी दिसत नव्हती. तो म्हणाला, "आप्पा, वाचायला तोंड उघडतो आन् समोर भिंत. भिंत हं म्हणत न्हाई. खरं लिहिलंय का खोटं, मला कळतच न्हाई वो. मला कधीच कळत नव्हतं."

"मग बायकोला बसवा समोर."

आतून मेहुणी ओरडली, "बसले व्हते की दाजी! घोरायला लागले. ह्यांनी घोरण्याला हं समजून ढीगभर पानं लिहिली!"

मी म्हटलं, "मी बसतो." कसं म्हटलं कोण जाणे. राग होताच. पण ती माझी बायको होती, तिला दिलेला शब्द मोडायला मी ह्या माणसाला मोकळा सोडणार नव्हतो.

तेव्हापासून तो पुन्हा रविवारी यायला लागला. मी शेडमध्ये तिच्या जागेवर फुलं निवडत बसायचो, तो उपड्या क्रेटवर. पहिल्या दिवशी मी हं म्हटलं तर म्हणाला, "आप्पा, बैल हाकताय का?" मग हळू म्हटलं, तर म्हणाला, "हा फोनवरचा झाला." मग मधेच म्हटलं, तर म्हणाला, "अवो, वाक्य तर संपू द्या." हं म्हणणं एवढं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. ती काम करता करता म्हणायची. माझं हंकडं लक्ष दिलं की डागी फूल क्रेटमध्ये जायचं, आणि फुलाकडं दिलं की सरू पुढं निघून जायची. हळूहळू जमलं. त्यानं सरूला पुण्याच्या गाडीत बसवलं, मेसमध्ये कामाला लावलं. मी गप्प. त्यानं रेघ मारली. मग दौंडच्या गाडीत बसवलं, तिथं एक भला मास्तर भेटवला. मी गप्प. "आप्पा, मास्तरात काय वाईट हाय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मला काय ठावं? हं निघालाच न्हाई." साडूनं मास्तराखाली रेघ मारली.

गेल्या रविवारी तो आला. बसला आणि वाचायला लागला. सरू बाकावर बसलेली. पोरगी भुकेनं झोपलेली. गाड्या येतायत, जातायत. आणि फलाटावर एक म्हातारा येतो. मळकी टोपी, कान हे एवढे मोठे, आणि तोंड असं की आत्ताच कोणीतरी त्याचा पाय तुडवलाय.

"हं," मी म्हटलं. मग डोक्यात उजेड पडला. "पाव्हणं, हा कोण?"

"ऐका आप्पा."

"कान कमी करा."

"ऐका तर."

म्हातारा सरूला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. खांद्यावरची पिशवी तिच्यापुढं ठेवतो. म्हणतो, बाजरी हाय, पायलीभर. मी म्हटलं, "हं." सरू म्हणते, दळू कुठं बाबा? मला चूल कुठं हाय? म्हातारा चुळबुळ करतो. म्हणतो, मग घरी चल. मला नीट बोलता येत न्हाई, आमची मंडळी बोलंल. मी म्हटलं, "हं." ती तिघं नदीच्या काठाकाठानं येतात, शेवंतीच्या रानातनं. शेडमध्ये एक बाई खाली मान घालून फुलं निवडत बसलेली असते. ती हात न थांबवता म्हणते, 'आलीस व्हय? बस. किती दिस बसून ऱ्हायलीस गं. फुलं निवडता येत्यात का?'

साडू थांबला. माझा हं आला नाही.

त्यानं वर बघितलं नाही. रीतीप्रमाणं कानावरची पेन्सिल काढली आणि त्या ओळीखाली टेकवली.

मी म्हटलं, "रेघ मारू नका पाव्हणं."

"हं आला न्हाई आप्पा."

"येतोय. थांबा जरा."

तो थांबला. बाहेर कालवडीनं दोनदा अंग झाडलं. रशीदभाईचा टेम्पो वळणावर वाजला आणि पुढं गेला. माझ्या हातात एक फूल होतं, ते चांगलं होतं का डागी, मला दिसेना. मग आला. फार मोठा नव्हता, पण साडूनं पेन्सिल परत कानावर ठेवली.

आता ते पुस्तक छापून येईल. मागं पुन्हा हनुवटीला बोट लावलेला फोटो असेल. लोक शाल देतील, कोणी परका फोन करून रडेल, आणि साडू ते गावभर सांगेल. मला आत्तापासूनच जळायला होतंय. माझ्या शेडमध्ये ती नाही आणि त्याच्या कागदात ती फुलं निवडत बसली आहे, मान खाली घालून, आणि बोलतेय. मला 'ती' या एका अक्षरापुढं जाता आलं नाही, आणि हा माणूस तिला हाताला धरून परत घेऊन आला. एवढं मात्र कबूल करायला लागेल की बाजरी त्यानं पोचवली.

त्या दिवशी चहा मीच केला. साखर जास्त झाली. फळीवरचा निळ्या फुलांचा कप खाली काढला, विसळला आणि त्याच्यापुढं ठेवला. तो म्हणाला, "आप्पा, आज कप तुम्ही घ्या."

मी म्हटलं, "न्हाई. तिनं लावून दिलेली सवय हाय. मी मोडली तर तिकडनं हं यायचा न्हाई." आणि मी आपला पेला दोन्ही हातांनी धरला.